काळजीचं कारण नाही

शमाल सुरू झाला की मी खिडक्यांच्या फटींत जुन्या पंच्याच्या ओल्या पट्ट्या कोंबते. मुलगा हसतो. "आई, या खिडक्या नव्या आहेत, धूळ येत नाही," म्हणतो. येते. दुपारी टेबलावरून बोट फिरवलं की रेघ उमटते, आणि ती रेघ मी त्याला बोलावून दाखवते. उत्तरेकडून येणारा हा जूनचा वारा. इथले जुने लोक त्याला चाळीस दिवसांचा म्हणतात. मी कधी मोजले नाहीत, पण तो असतो तेवढे दिवस सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, आणि भर दुपारी गाड्या दिवे लावून जातात. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटखाली शाळेची बस उभी असते ती दिसत नाही, नुसता हॉर्न ऐकू येतो. मग पोरं त्या हॉर्नच्या दिशेनं चालत जातात आणि नाहीशी होतात. रोज परत येतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी खिडकीतून हलत नाही.

अशाच एका दुपारी गेल्या आठवड्यात केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे इथल्या मराठी मंडळींची यंदाची उत्साहमूर्ती. अल गराफाला तिच्या व्हिलात नाटकाच्या तालमी चालल्या आहेत. "काकू, ऐंशीच्या सुमाराला तुम्ही लोकांनी हेच नाटक कॅम्पात केलं होतं ना? स्मरणिकेसाठी दोन पानं द्या. विषय, आजच्या प्रेक्षकांसमोर जुनी शोकांतिका का? प्लीज काकू, पॉझिटिव्ह लिहा हं."

पॉझिटिव्ह! मी हो म्हटलं. गेले आठ दिवस ती दोन पानं लिहायला बसते आणि दरवेळी भलतंच लिहून उठते. हे त्यातलंच एक.

नाटकाचं नाव सांगत बसत नाही. जुनं, पदांचं, पल्लेदार वाक्यांचं नाटक. गोष्ट चार ओळींची. राणीचा थोरला मुलगा लढाईत पडतो. प्रधानाला ती बातमी कळते, पण राज्यात उत्सव आहे, म्हणून तो राणीला सांगत नाही. 'काळजीचं कारण नाही, राणीसाहेब. युवराजांची प्रकृती जरा नरम आहे, एवढंच,' असं म्हणतो. मग राणी धाकट्याला म्हणते, जा, दादाला घेऊन ये. धाकटा जातो आणि शत्रूच्या हाती सापडतो. पहिला मुलगा लढाईनं नेला, दुसरा त्या एका वाक्यानं. प्रधान दुष्ट नाही. नाटकभर त्याच्याइतका सज्जन माणूस नाही, हेच त्या नाटकाचं वाईट.

तेव्हा आम्ही शहराबाहेर, सलवा रोडच्या बाजूला, कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पाला लागून राहत होतो. आमचे हे कॅम्पाचे टाइमकीपर. हजेऱ्या लावणं, पासपोर्टांच्या नोंदी ठेवणं आणि पोस्टाच्या पेटीतून सगळ्यांची पत्रं आणणं ही त्यांची कामं. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, एकेका खोलीत बारा-बारा माणसं. सातारचे, लातूरचे, रत्नागिरीचे सुतार, गवंडी, ड्रायव्हर. सगळ्यांची बायकामुलं गावी. कुटुंब घेऊन राहणारे असे आम्हीच, त्यामुळे तीनशे दिरांची मी एकटी वहिनी होते.

नाटक बसवणारे इब्राहिमभाई, स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे. गावी असताना त्यांनी म्हणे हौशी मंडळींची दहा नाटकं उभी केली होती. मी त्यांना एकदा विचारलंच, "अहो भाई, ही माणसं आधीच घरच्या आठवणीनं अर्धी झालीत. एखादं हसवणारं नाटक करा की."

भाई शांतपणे म्हणाले, "वैनी, हसायला काय, पोरं मेसमध्ये पण हसतात. रडायचं कुठं? खोलीत बारा जण. बाथरूमला गेला तर बाहेर लाइन. माणसाला रडायला काहीतरी निमित्त पायजे ना? राणीसाठी रडला तर कोण विचारणार नाय, काय झालं म्हणून."

केतकीच्या प्रश्नाचं खरं तर हे एवढंच उत्तर आहे. ते देऊन मोकळी झाले असते तर बरं झालं असतं.

मी प्रॉम्प्टर होते. नाटकाची एकच फाटकी प्रत होती. तिच्यावरून मी अख्खं नाटक दोनशे पानी वहीत उतरवून काढलं, त्यामुळे ते मला पाठच झालं. बाईनं स्टेजवर उभं राहायचा प्रश्न त्या कॅम्पात नव्हताच, आणि खरं सांगायचं तर राणीचं काम माझ्यापेक्षा दिनकर चांगलं करत होता. दिनकर पाटणकडचा शटरिंगचा सुतार. गावच्या जत्रेतल्या नाटकात बाईचं काम करायचा. हाडानं काटक, बोलायला कमी, पण लुगडं नेसला की त्याची मान आपोआप वेगळी व्हायची. साडी माझी, बांगड्या माझ्या, आणि चार दिवसांत चालही माझी. मी बोलत असले की तो खाली बघून ऐकत राहायचा आणि संध्याकाळच्या तालमीला ते सगळं राणीच्या तोंडून बाहेर यायचं. हे मला चिडवायचे, "आज राणीसाहेब अगदी तुझ्यासारख्या फणकारल्या."

तालमी मेसमध्ये, शमालमध्ये. साइटवरून माणसं यायची ती पापण्यांपासून पायांपर्यंत पांढरी. मेकअपची गरजच नव्हती. सगळे चेहरे एकसारखे, डोळे तेवढे लाल. एकदा दारात एक पांढरा माणूस उभा राहिला, आमचे हेच समजून मी "चहा ठेवू का?" विचारलं, आणि तो भलताच कोणीतरी निघाला. आमचे हे माझ्या मागेच उभे होते. वारा पत्र्याच्या फटींतून शिरताना एक आवाज करायचा, कोणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करतं ना, तसा. दिनकर तालमीत मधेच थांबायचा. "काय म्हनला, वैनी?" मी म्हणायची, "मी काही नाही बोलले." तो मान डोलवून पुढचं वाक्य घ्यायचा. असं दोनदा झालं, पाचदा झालं. शेवटी मी काहीच म्हणेनाशी झाले.

कॅम्पात एक रीत होती. गावाहून तार आली आणि तीत 'सीरियस' हा शब्द असला, की ते माणूस गेलेलं असायचं. आपल्याकडे तारेत कोणी 'वारला' लिहीत नसे. परक्या मुलखातल्या पोराला एकदम धक्का नको म्हणून मेलेल्या माणसाला तारेपुरतं आजारी करायचे. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. शहाण्यानं समजून घ्यायचं. मग कॅम्पातले लोकही तेच करत. ज्याची तार असेल त्याला सांगायचं नाही. आधी खुरूज, म्हणजे देशाबाहेर जायचा परवाना, हातात घ्यायचा. मग विमानाची सीट. मग त्याच्या जिल्ह्याचा एखादा वडीलधारा त्याला बाजूला घेऊन पोटभर जेवायला घालायचा आणि नंतर सांगायचा. ही रीत इतकी मुरली होती की मेसमध्ये कोणी आग्रहानं वाढलं की माणूस घास हातात धरून विचारायचा, "घरचं काय कळलंय का?"

प्रयोग शुक्रवारी होता. सोमवारी यांनी पोस्टातून पत्रं आणली, त्यांत दिनकरची तार होती. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

दिनकरला आईशिवाय कोणी नव्हतं. बाप लहानपणीच गेलेला, लग्न व्हायचं होतं. आम्ही तिघांनी, म्हणजे यांनी, इब्राहिमभाईंनी आणि मी, आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं ती तार वाचली. भाईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. हे खुरूजच्या मागे लागले आणि एरवी पंधरा दिवस लागणारा कागद बुधवारीच हातात आला. गुरुवारच्या विमानात सीटही होती.

हे म्हणाले, "आजच सांगू. उद्या जाईल तो."

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हटलं, "गेली ती गेली. कार्य गावकऱ्यांनी केलंच असेल. आता दोन दिवसांनी काय बिघडणार आहे? परवा प्रयोग आहे, तीनशे माणसं वाट बघतायत. होऊ दे त्याचं काम. मग सांगू."

भाईंनी तारेची घडी घालून यांच्या हातात दिली. हे थोडे घुटमळले आणि सीट शनिवारची करून आले. बायकोपुढे या माणसानं कधी हट्ट धरला नाही. त्या एका दिवशी धरायला हवा होता.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. मी वही आवरत होते. दिनकर लुगड्याची घडी घेऊन आला. "वैनी, आमचं काय पत्तर न्हाई का? पंधरवडा झाला, आईचं काय कळंना."

चोराच्या मनात चांदणं. मी मान वर न करता म्हटलं, "निरोप आलाय ना यांच्याकडे. काळजीचं कारण नाही. प्रकृती जरा नरम आहे, एवढंच."

तो हसला. "वैनी, तुमी बी डायलॉग मारायला लागला."

खोटं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याजवळ स्वतःचं वाक्यसुद्धा नव्हतं. महिनाभर जे घोकलं तेच तोंडातून आलं.

शुक्रवारी दुपारी तीनला नाटक सुरू झालं. दोन ट्रेलर एकमेकांना लावून, वर प्लायवूड ठोकून केलेलं स्टेज. मागे ताडपत्री. ती वाऱ्यानं फुगायची आणि आत ओढली जायची. उजेड असा होता की सावल्याच पडत नव्हत्या. तीनशे माणसं मांडी घालून बसलेली, डोक्याला आणि तोंडाला फडकी गुंडाळलेली, मध्ये नुसते डोळे. मी ताडपत्रीच्या आडोशाला एका खोक्यावर बसले होते आणि वहीवर दोन्ही कोपरं दाबून धरली होती.

प्रधानानं राणीला ते वाक्य सांगितलं तेव्हा मी वहीतून डोळे वर केले नाहीत. नंतर बघितलं तर मोठी माणसं फडक्याआड रडत होती. धूळ ओली होऊन डोळ्यांखाली रेघा उठत होत्या. भाईंचं बरोबर होतं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

तिसऱ्या अंकात राणी सज्जात एकटी उभी असते आणि वाटेकडे बघत स्वगत म्हणते. दिनकरनं ते सुरू केलं आणि वाऱ्याचा असा झोत आला की माझ्या कोपराखालून वही निसटली, पानं उलटली. मी जागा शोधू लागले. सापडेना. पाठ असलेलं नाटक, पण त्या क्षणी एक अक्षर आठवेना. वर दिनकर गप्प. त्यानं मान किंचित माझ्या बाजूला वळवली होती, प्रॉम्प्ट घेणारा नट वळवतो तशी. मग त्यानं ती होकारार्थी हलवली, प्रेक्षकांकडे वळला आणि म्हणाला, "मी अजून हाय."

वहीत असं वाक्य नाही. राणी 'हाय' म्हणत नाही. आवाजही राणीचा नव्हता, म्हाताऱ्या, दम लागलेल्या बाईचा होता. प्रेक्षकांना वाटलं, असेल नाटकातलंच. दिनकर लगेच पुढच्या वाक्यावर गेला आणि नाटक शेवटापर्यंत सुरळीत झालं.

आत आल्या आल्या तो मला म्हणाला, "बरं झालं, येळेवर दिलंत. पर वैनी, ते वाक्य गावाकडच्या बोलीत का वो दिलंत?"

मी तोंड उघडलेलं नव्हतं. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. गेलेली बाई पोराला भेटायला समुद्र ओलांडून आली, हेच आम्हा तिघांच्या मनात आलं. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आम्ही सांगायच्या आधी तिनं स्वतःच येऊन सांगितलं, असं काहीतरी.

मग दिनकरला मेसमध्ये नेलं. भाईंनी ताट वाढलं, वर आणखी एक मटणाची फोड घातली. त्यानं दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरून तो भाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. भुवयांना राणीचं काजळ तसंच होतं. तो रडला नाही.

त्या संध्याकाळी लातूरकडच्या एका गवंड्यानं भाईंना विचारलं, "पुढल्या वर्षी पुन्ना केलं तर त्यो परधान सांगंल का वो?" सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, शोकांतिका पुन्हा का करायची याचं त्याच्याइतकं शहाणं उत्तर कोणी दिलं नाही. शेवट ठाऊक असतो, तरी प्रत्येक वेळी आत कुठेतरी वाटत असतं की आज सांगेल. केतकीला हे लिहून पाठवावं का? स्मरणिकेत शोभेलही. पण पुढचं गाळून पाठवता येत नाही.

दोन महिन्यांनी दिनकर परत आला. मुंडन केलेल्या डोक्यावर केस अजून आखूडच होते. घरी येऊन खाली बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "वैनी, ती तार दावा."

यांनी फाइलमधून काढून दिली. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं. बोट ठेवून अक्षरं लावली. "सिरीस लिवलंय की हितं."

"दिनकरभाऊ, तारेत तसंच लिहितात," मी म्हटलं.

"व्हय. पर आमच्या गावात नवीन मास्तर आलाय. तार त्यानं लिवली. त्याला ह्ये ठावं न्हवतं. आई आजारी हुती, त्यानं आजारी लिवलं."

हे उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"शनवारी सांजच्याला गेली," तो म्हणाला. "मी रव्वारी दुपारी पोचलो. शुक्रवारपतूर बोलत हुती. दिनू आला का, दिनू आला का. शेजारची म्हनली, येतोय, दमानं घ्या. शुक्रवारी दिवेलागनीला उठून बसली आन म्हनली, मी अजून हाय, त्याला सांगा."

आमची घड्याळं गावाच्या अडीच तास मागे. गावातली दिवेलागण म्हणजे आमची दुपार. तिसरा अंक. मी हिशोब केला आणि मला बसवेना. भूत असतं तर देवाला नारळ फोडला असता, कोणाला विचारून उतारा टाकला असता. पण ती भूत नव्हती. जिवंत बाई जीव खाऊन पोराला हाक मारत होती, आणि आम्ही तिला मेलेली समजून नाटक करत होतो. यांनी मिळवलेल्या त्या गुरुवारच्या सीटवर तो बसला असता तर शुक्रवारी दुपारी तिच्या उशाशी असता.

तार कधी आली, हे त्यानं विचारलं नाही. तारखेचा शिक्का तारेवरच असतो. त्यानं तो पाहिला, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "येतो, वैनी." मला ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. तशी संधी त्यानं मला दिली नाही.

पुढच्या जूनमध्ये शमाल आला तसा नाटकाचा विषय निघाला. भाई या खेपेला हसवणारं काहीतरी काढायला निघाले होते. दिनकर म्हणाला, "त्येच करू. मी परधान करतो." भाईंनी समजावून पाहिलं. तो "त्येच करू" एवढंच म्हणत राहिला, आणि त्याला नाही म्हणायचं तोंड आम्हा तिघांपैकी कोणालाच नव्हतं. राणीचं काम एका इलेक्ट्रिशियनकडे गेलं. दिनकरनं तालमीत प्रधानाची सगळी वाक्यं स्वच्छ म्हटली, एका ठिकाणीही अडला नाही. मला प्रॉम्प्टिंगला कामच उरलं नाही.

प्रयोगाला तोच पांढरा सूर्य, तेच ट्रेलर, तीच फडक्यांतली माणसं. अर्धी नवीन होती, पण दिनकरची गोष्ट सगळ्या कॅम्पाला माहीत होती. पहिल्या अंकातली ती जागा आली. राणीनं विचारलं, "प्रधानजी, युवराजांचं वर्तमान काय?"

दिनकर बोलला नाही.

मी आडोशातून हळू आवाजात वाक्य दिलं. 'काळजीचं कारण नाही, राणीसाहेब.' त्यानं घेतलं नाही. तो राणीकडे बघत नव्हता, प्रेक्षकांकडेही नाही. मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होता. मागच्या रांगांतून कोणीतरी ओरडलं, "सांग की रं!" मग दुसरा, "सांग तिला!" मग एकदम वीस-पंचवीस जण. लातूरचा तो गवंडी उभाच राहिला होता. "सांगून टाका, परधानजी!"

मला तेव्हा काहीही देता आलं असतं. प्रॉम्प्टर देईल ते नट म्हणतो. 'युवराज गेले' एवढे दोन शब्द. नाटक तिथंच संपलं असतं, आणि त्या माणसांनी ते चालवून घेतलं असतं. दिनकर त्यासाठीच थांबला होता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण माझं बोट वहीतल्या ओळीवर होतं, आणि वहीत माझ्याच अक्षरात तेच लिहिलेलं होतं. मी ते पुन्हा दिलं. त्यानं घेतलं नाही. तिसऱ्यांदा मला मोठ्यानं म्हणावं लागलं, इतकं मोठ्यानं की गलका थांबला आणि पुढच्या रांगांमधल्या माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"काळजीचं कारण नाही. प्रकृती जरा नरम आहे, एवढंच."

मग दिनकरनं मान हलवली, राणीकडे वळला आणि ते वाक्य म्हटलं. प्रधानाच्या आवाजात नाही. माझ्या आवाजात.